बत्तीस ग्रॅमचा बाण

माणूस गेला की त्याच्याबरोबर एक अख्खं शास्त्र लयाला जातं, असं म्हणतात. हणमंततात्या गेले तेव्हा इंदापूर तालुक्यातलं आडव्या धनुष्याचं शास्त्र लयाला गेलं, हे मी जबाबदारीनं सांगू शकतो. कारण त्या शास्त्राचे अभ्यासक दोनच होते. एक तात्या. दुसरा मी, आणि मला त्या धनुष्याची दोरी पाय लावून दोन्ही हातांनीसुद्धा कधी ओढता आली नाही. बातमी आली ती सकाळी, मी बारामतीत घरी चहा गाळत असताना. फोनवर वहिनी होत्या, म्हणजे तात्यांच्या पत्नी. एरवी त्या फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत, की आवाज स्वतःच्या ताकदीवर बारामतीला पोचवायचाय, मोबाइल नुसता सोबतीला आहे, असं वाटावं. त्या दिवशी हळू बोलल्या. "सर, आमचं ह्ये गेलं... च्या पीत हुतं. कप खाली ठिवला आन गेलं." मी विचारलं, कप फुटला का? असल्या वेळी माणूस काय विचारील याचा नेम नसतो. "न्हाय," वहिनी म्हणाल्या, "नीट ठिवला." तात्या कुठलीही वस्तू नीटच ठेवत.

दहाव्याला नदीकाठी मांडव, माईक आणि भाषणं होती. आमच्याकडं ही रीत आहे. पिंडाला कावळा शिवेपर्यंतचा वेळ पुढाऱ्यांच्या वाट्याला येतो आणि मिळालेला वेळ सोडणं त्यांच्या स्वभावात नसतं. फ्लेक्सवर तात्यांचा फोटो लहान होता आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे मोठे. एका वक्त्यानं सांगितलं की तालुका एका थोर शिकाऱ्याला मुकला. म्हणे, तात्यांना लक्ष्याशिवाय दुसरं काही दिसतच नसे. कावळा दुसऱ्या भाषणातच शिवून गेला होता, पण यादीत आणखी पाच नावं होती. माझ्या शेजारी तात्यांचे चुलतभाऊ नामदेवराव मांडी घालून बसले होते. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "सर, ह्या थोर शिकाऱ्यानं उभ्या जन्मात उंदीर मारला न्हाय." आणि पंच्यानं डोळे पुसले.

हे खरं होतं. तात्या मटणसुद्धा खात नसत. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ते तीसेक वर्षं टर्नर होते. निवृत्त झाल्यावर भिगवण रस्त्यापासून आत असलेल्या आपल्या रानात त्यांनी पत्र्याची शेड घातली आणि तिच्यात एक जुना लेथ बसवला. माझी त्यांची ओळख त्याच सुमाराची. एका दुपारी ते बारामतीला माझ्या दारात उभे राहिले, हातात इंटरनेटवरून छापून आणलेल्या कागदांची चळत. मी कॉलेजात इंग्रजी शिकवून नुकताच रिकामा झालो होतो. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की सरांना इंग्रजी येतं आणि वेळ आहे. यातली दुसरी माहिती जास्त भरवशाची होती. कागदांवर परदेशातल्या शिकाऱ्यांची चर्चा होती: क्रॉसबोच्या, म्हणजे आडव्या धनुष्याच्या, बाणाचं वजन किती असावं आणि त्याच्या टोकाला पातं कसलं लावावं. "ह्यात काय म्हंत्यात त्येवडं सांगा," तात्या म्हणाले. "गोड करून सांगू नगा." मी वाचत गेलो. दर वाक्याला ते एकच विचारत, "म्हंजी?" वर्गात इतकी वर्षं उभं राहून एवढ्या कळकळीनं मला कुणी 'म्हणजे?' विचारलं नव्हतं. मी तिथंच नादी लागलो.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं. तात्यांचं रान आणि नामदेवरावांचं रान यांच्यामध्ये एक बांध. विहीर दोघांत सामाईक. खालच्या अंगाला ओढा, ओढ्याला वेड्या बाभळीचं रान आणि त्यात रानडुकरं. ऊस वाढला की ती उसात मुक्कामाला येतात आणि मक्याला कणसं धरली की एका रात्रीत पाऊण एकर झोपवतात. खातात थोडं, लोळतात फार. एका वर्षी वैतागून तात्यांनी तेच केलं जे आजूबाजूला बरेच जण गुपचूप करत होते. मक्याभोवती उघडी तार फिरवली आणि तिच्यात मोटारीची वीज सोडली. सकाळी तारेपाशी डुक्कर नव्हतं. दावं तोडून बांध ओलांडलेला नामदेवरावांचा बैल होता, खिलारी जोडीतला. नामदेवराव आले, बैलाकडं बघितलं, मग तात्यांकडं. एवढंच म्हणाले, "ह्या बैलाच्या मागं रोज मी असतो, तात्या."

त्यानंतर सहा वर्षं ते तात्यांशी एक शब्द बोलले नाहीत. विहीर मात्र वाटून घ्यावी लागतच होती. मग ज्याची पाण्याची पाळी संपेल त्यानं मोटारीच्या पेटीवर तेलाचा रिकामा डबा उलटा घालायचा, अशी वहिवाट आपोआप पडली. ती कधी कुणी ठरवली नाही, आणि ठरवणार तरी कशी, बोलणंच नव्हतं. तात्या म्हणत, "मानूस भांडला तर बरं आसतं, सर. आवाज तरी कळतो. डब्याला काय बोलायचं?" दुसऱ्या बैलाशेजारी नामदेवरावांनी पुन्हा जोड आणली नाही. तो एकटाच गोठ्यात उभा असायचा आणि तात्यांना तो शेडच्या दारातून रोज दिसायचा.

तार त्यांनी त्याच दिवशी गुंडाळली. पण डुकरं थांबली नव्हती, आणि नामदेवरावांकडं जायचं तर काहीतरी घेऊन जायला हवं, असं तात्यांच्या मनानं घेतलं. "तारंला काय कळतंय कोन आलं? मारायचंच तर मानसानं बघून मारावं. आन मारलं तर ते धा पावलात पडलं पायजे. उसात जाऊन चार दिस वरडत मरायला नगं. येवडं जमलं की नामदेवाच्या दारात जाईन. म्हनीन, बाबा, तुज्या-माज्या रानाची सोय केली, आता तार कवाच न्हाय. रिकाम्या हातानं कुठल्या तोंडानं जाऊ?" मी म्हणालो, बंदूक घ्या. तर म्हणाले, बंदुकीचा परवाना ज्यांच्याकडं मका नसते त्यांनाच मिळतो.

अशा रीतीनं मी दर रविवारी सकाळच्या एसटीनं तात्यांच्या शेडवर जाऊ लागलो. धनुष्य त्यांनी जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलं होतं, दस्ता बाभळीचा, चाप लेथवर केलेला. पण खरा प्रश्न बाणाचा होता. कागदांवरच्या चर्चेचं सार असं: हलका बाण भर्रकन आणि सरळ जातो, पण रानडुकराच्या खांद्यावर कातड्याखाली जी टणक ढाल असते तिच्यात अडकतो. अडकलेला बाण म्हणजे जखमी जनावर. जड बाण हळू जातो, वाटेत खाली झुकतो, नेम अवघड करतो. पण थांबत नाही. तात्यांनी हे ऐकून चष्मा काढला. "म्हंजी हलका बाण ही मोटारसायकल, आन जड बाण ही उसानं भरलेली गाडी. उशीर करंल, पन आडवं यील त्येला घिऊन जाईल." मी इंग्रजीतली आठ पानं वाचली होती, त्यांनी ती एका वाक्यात आटपली.

पहिला बाण त्यांनी छपरावरच्या जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या नळीतून केला. तो वीस ग्रॅमचा भरला. ओल्या पाचटानं गच्च भरलेलं पोतं आणि त्यावर ट्रकच्या टायरचा तुकडा, हे आमचं डुक्कर. वीसचा बाण टायरमध्ये रुतून थरथरत राहिला. सव्वीसचा पोत्यात गेला आणि आतच राहिला. मग आम्हाला कळलं, की वजन नुसतं वाढवून भागत नाही, ते पुढं लागतं. तात्यांनी पात्याच्या मागं पितळेचा ठोकळा कातून बसवला. बाण बोटावर तोलून धरायचा, आणि तो मध्यापासून चार बोटं पुढं तोलला की म्हणायचं, "आता शाना झाला."

वजनाचा काटा मात्र शेडमध्ये नव्हता. परदेशी शिकारी वजन 'ग्रेन' नावाच्या बारीक मापात सांगतात, साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम होतो. इतकं नाजूक वजन करणारा काटा भिगवणमध्ये एकाच ठिकाणी: सराफाकडं. आम्ही दोघं बाण वर्तमानपत्रात गुंडाळून तिथं जायचो. समोर लग्नाच्या याद्या घेऊन बसलेल्या बायका, मंगळसूत्रांचे ट्रे, आणि त्यांच्यामधून तात्या तो हातभर बाण अलगद काट्यावर आडवा ठेवायचे. सराफ आकडा वाचायचा, "एकतीस पूर्णांक सहा. घडणावळ लावू का, तात्या?" तात्या गंभीरपणे म्हणायचे, "चार आनी कमी हाय. फुडच्या रविवारी." एकदा एका नवरीच्या आईनं विचारलं, हे कशासाठी? तात्या म्हणाले, "डुकरासाटी." बाईंनी मुलीला जवळ ओढून घेतलं.

पात्यांचंही तसंच. बाजारात म्हणे अशी पाती मिळतात जी उडताना मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात. मी फोटो दाखवले. तात्यांनी ते फार वेळ बघितले आणि कागद उलटा करून ठेवला. "ही पुढारी पाती. जागंवर गेल्यावर उगडत्याल का न्हाय, भरवसा न्हाय." त्यांनी लोखंड कापायच्या मशीनच्या जुन्या करवतीचं पोलाद घेतलं आणि त्यातून दोन धारांचं, सरळ, एकसंध पातं घासून काढलं. धार बघायला ते डाव्या हातावरचे केस काढत. पातं नीट लागलं तर केस नुसते खाली पडत. तीन वर्षं तात्यांचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत होता. वहिनी पाहुण्यांना सांगायच्या, "हात बोडका करून बसल्यात. डुक्कर मजेत हाय."

शेवटी बत्तीस ग्रॅमला जमलं. बाण टायरमधून गेला, पोत्यातून गेला आणि मागच्या लिंबाच्या झाडात चार बोटं रुतला. आम्ही दोघं झाडापाशी जाऊन उभे राहिलो. तात्यांनी झाडाला हात लावला, जसं आपण चुकून पाय लागल्यावर माणसाला लावतो तसा...

मग परवानगी. शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण पीक नासवणाऱ्या डुकराबाबत वन खात्याकडं अर्ज करता येतो. अर्ज मी लिहिला. अर्जात 'शस्त्र परवाना क्रमांक' असा रकाना होता. आम्ही तिथं 'लागू नाही' लिहिलं. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "परवाना नसलेल्या हत्याराला परवानगी कशी देणार?" मी म्हणालो, या हत्याराला परवानाच नसतो. ते म्हणाले, "मग परवानगीही लागत नसेल." "मग मारू का?" तात्यांनी विचारलं. "छे! परवानगीशिवाय?" हे वर्तुळ आठ महिने फिरत होतं. अखेर कुणाला तरी दया आली किंवा फाइलचा कंटाळा आला, आणि एक कागद मिळाला: स्वतःच्या रानात, एक डुक्कर, वनरक्षकाच्या समक्ष, आठ दिवसांत.

सातव्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिघं रानात शेडच्या अंगाला कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्यांच्याआड बसलो होतो: तात्या, वनरक्षक आणि थर्मास घेतलेला मी. दिसू लागलं होतं. उसातून आधी आवाज आला, मग एक डुक्कर बाहेर आलं. एकटा, म्हातारा नर असावा. मानेवरचे केस झडलेले. मक्याच्या कडेला येऊन तो आमच्यापुढं आडवा उभा राहिला, पंचवीस पावलांवर. पुस्तकात चित्र काढतात तसा. एक कणीस पाडून सावकाश खाऊ लागला. तात्यांनी दस्ता खांद्याला लावला. मी त्यांच्या डाव्या हाताकडं बघत होतो, तो गुळगुळीत हात जराही हलत नव्हता. वनरक्षक पुटपुटला, "मारा." मी मनात आकडे मोजत होतो... आणि काहीच झालं नाही. डुकरानं दुसरं कणीस पाडलं. वनरक्षक पुन्हा म्हणाला, "तात्या, मारा की!" तात्यांनी धनुष्य खाली केलं. बाण काढून मांडीवर ठेवला. डुकरानं ते कणीसही संपवलं आणि कुठलीही घाई न करता ओढ्याकडं गेलं.

त्यानंतर मला दिसलं. डुक्कर उभं होतं त्याच्या बरोबर मागं, बांधापलीकडच्या पाटात, नामदेवराव खोरं घेऊन वाकले होते. त्यांची पाळी होती. पाणी वळवायला ते वाकलेले, म्हणून त्यांच्या पाठीचा करडा सदरा मातीत मिसळून गेला होता. वनरक्षकाला ते दिसले नव्हते. मलाही नाही.

तीन वर्षं आम्ही डुकरापर्यंतचं सगळं मोजलं होतं: वेग, वजन, धार, तोल. बाण आरपार गेला पाहिजे यासाठी एवढा खटाटोप केला. आरपार गेल्यावर तो पुढं कुठं जाणार, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही कधी सुचला नव्हता. मी तर सुशिक्षित.

नामदेवराव खोरं टेकवून ताठ झाले. त्यांनी डुकराला जाताना बघितलं, कडब्यामागून उठलेल्या आम्हा तिघांना बघितलं, तात्यांच्या मांडीवरून हातात आलेला बाण बघितला. मग बांधापलीकडून सहा वर्षांनी आवाज आला.

"मारला का न्हाईस रं?"

"मागं तू हुतास," तात्या म्हणाले.

"मग?"

"आरपार जातो."

नामदेवरावांनी यावर विचार केला. पाटातलं पाणी त्यांच्या पायावरून वाहत होतं. "मग हलका बाण घ्यायचा," ते म्हणाले.

"हलका घ्यायचा म्हनं!" तात्या एकदम उसळले. "तीन वर्सं झाली त्येच्यावर! हलका आत राहतो, जनावर जितं पळतं, तुला काय ठावं हाय? निस्तं खोरं घिऊन फिरतुयास!"

"आन तू निस्ता बाण घिऊन बसलायस. माजी मका खाल्ली त्येनं तवर."

"ती माजी मका हाय!"

"बांदावरची सामाईक हाय!"

वनरक्षक माझ्याकडं बघत होता. मी त्याला थर्मासमधला चहा ओतून दिला आणि म्हटलं, घ्या, हे चालू द्या. कागदाची मुदत दुसऱ्या दिवशी संपली. अहवालात वनरक्षकानं 'डुक्कर आढळले नाही' असं लिहिलं. बाकीचं लिहायला रकाना नव्हता.

त्या सकाळनंतर तात्यांनी धनुष्य शेडच्या वाशाला टांगलं आणि नव्या बाणाचा विषय काढला नाही. मी एकदा काढला, तर म्हणाले, "वजन बरूबर हाय, सर. जागा चुकीची हाय. आपल्या रानात कुटनं बी मारा, मागं कोन ना कोन आसतंच." दोघं भाऊ मग पत्र्याचे डबे वाजवत आळीपाळीनं राखण करू लागले. डुकरं त्या आवाजाला आठवड्याभरात सरावली. दशक्रियेला त्या वक्त्यानं म्हटलेलं मला म्हणून बोचलं. लक्ष्याशिवाय दुसरं काही न दिसणारे मी बरेच पाहिलेत, त्यातले काही त्याच मांडवात पुढच्या खुर्च्यांवर होते. तात्यांना मात्र ऐन वेळी दुसरंच दिसलं.

त्यांच्या बोलाचालीचं स्वरूप पुढं दोन वर्षं एकच राहिलं: भांडण. पाळी, बांध, वेड्या बाभळीची तोड... रविवारी मी गेलो की माझ्यापुढं खटला चालायचा. नामदेवराव आपल्या पाळीच्या दिवशी विहिरीपाशी उभं राहून हाक द्यायचे, "तात्याऽऽ, पानी घिऊ का?" स्वतःच्या पाळीला कुणी विचारत नसतं. तात्याही लगेच उत्तर देत नसत. हातातलं काम खाली ठेवायचे, चष्मा काढायचे, पुसायचे, आणि मग शेडच्या दारातून ओरडायचे, "घे की! इचारतुस कशाला?" मी एकदा म्हटलं, तात्या, त्यांना ताटकळत का ठेवता? तर म्हणाले, "सहा वर्सं त्येनं ठिवलं. मी मिनिटभर ठिवतो."

आता महिना होऊन गेला. रविवार येतो आणि मी सवयीनं लवकर उठतो. एखादं इंग्रजी पान वाचतो, सगळं समजतं, आणि समजल्यावर करायचं काय ते समजत नाही, 'म्हंजी?' विचारायला कुणी नाही. सराफाच्या दुकानावरून परवा गेलो, तर तो आतून उठून पायरीपर्यंत आला. नुसता उभा राहिला. मीही राहिलो.

गेल्या सोमवारी शेवटी शेडवर गेलो. वहिनींनी चहा दिला आणि त्या गोठ्याकडं गेल्या. मी तात्यांच्या स्टुलावर न बसता खाली पोत्यावर बसलो. विहिरीपाशी नामदेवराव आले. मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पेटीचं झाकण उघडून ते उभे राहिले, शेडकडं तोंड केलं आणि नेहमीच्या आवाजात हाक दिली, "तात्याऽऽ, पानी घिऊ का?"

मी हललो नाही. उत्तर देणं मला शोभलं नसतं आणि न देणं सोसत नव्हतं. हाक रानावरून गेली, उसाला लागली, संपली. नामदेवराव थांबले. काम खाली ठेवायला, चष्मा काढायला, तो पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढा पुरता वेळ थांबले, त्याहून जरा जास्तच. मग मान हलवली आणि बटण दाबलं.

लाइट नव्हती.